पहिला क्रॉसबो आणि त्यावरचा स्कोप: किती वेग, किती अंतर, किती पैसे?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अं' बरेचसे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय थोडा वेगळा आहे. फोन, लॅपटॉप, क्लाउड यातलं काहीही नाही. मागच्या एका भागात मी सहज बोलून गेलो की इथे ओहायोत, पानगळीच्या दिवसांत, मी शनिवार-रविवार क्रॉसबो घेऊन रानात बसतो. त्यावर जितके मेसेज आले तितके डॉकरच्या भागावरही आले नव्हते. अमेरिकेत आणि कॅनडात असलेल्या बऱ्याच जणांनी विचारलं की पहिला क्रॉसबो कोणता घेऊ आणि त्यावर स्कोप कोणता लावू. भारतातून दोन प्रकारचे मेसेज आले. एक, 'भारी आहे हे, आम्हालाही करायचंय.' आणि दुसरे, 'अरे, हरीण मारतोस? का?'

तर भारतातल्या मंडळींसाठी आधीच सांगतो. भारतात शिकार बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे आज शिकारीबद्दल जे बोलेन ते इथलं, अमेरिकेतलं आहे. इथून कुणी नातेवाईक येणार असेल तर 'बॅगेत एक टाकून आण' असली कल्पनाही डोक्यात आणू नका. नेमबाजीची हौस असेल तर आपल्याकडे धनुर्विद्या जोरात आहे. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्यात जगज्जेते झाले. जवळच्या अकादमीत जा आणि धनुष्य हातात घ्या. क्रॉसबोपेक्षा ते कितीतरी अवघड आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त मजेचं आहे.

आता 'का मारतोस' याचं उत्तर. इथलं व्हाइटटेल हरीण म्हणजे आपल्या चितळाचा लांबचा चुलतभाऊ. शिंगं दरवर्षी गळतात, पुन्हा येतात. १९०४ च्या सुमारास ओहायोत ते पूर्ण संपलं होतं. बेबंद शिकार झाली, जंगलं तुटली. नंतर नियम आले, ठरावीक हंगाम आले, परवाने आले, आणि आज ते इतकं आहे की रात्री हायवेवर गाडी चालवताना सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. १९३७ मध्ये अमेरिकेने एक कायदा केला. बंदुका आणि काडतुसं यांच्यावरचा कर थेट वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना द्यायचा. पुढे त्यात धनुष्य-बाणही आले. म्हणजे मी क्रॉसबो घेतला तेव्हा त्याच्या किमतीतला काही भाग या कामाला गेला. हे सगळं ऐकूनही तुम्हाला पटलं नाही तर हरकत नाही. माझ्या आईलाही पटलेलं नाही. ती फोनवर एवढंच विचारते, "जे मारतोस ते खातोस ना रे?" खातो. तिने तेवढी अट घातली आहे आणि मी ती पाळतो.

नुसती नेमबाजी करायची असेल तरी आजचं बहुतेक बोलणं तुम्हाला लागू आहे. युरोपात तर क्रॉसबोच्या रीतसर स्पर्धा होतात, दहा मीटर आणि तीस मीटर. त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ १९५६ पासून आहे. पण ते सामान वेगळं असतं, आपण आज त्यात शिरणार नाही.

आणखी एक गोष्ट, एच-१बी वाल्यांसाठी. व्हिसावर असलेल्या माणसाला इथे बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. क्रॉसबो मात्र त्या व्याख्येत बंदूक नाही, कारण त्यात स्फोटक काही नाही, सगळी ताकद ताणलेल्या दोरीची. म्हणूनच आपल्यापैकी बरेच जण इकडे वळतात. पण राज्याचे नियम वेगळे असतात. ओहायोत क्रॉसबो हंगामभर चालतो. ओरेगॉनमध्ये शिकारीला चालतच नाही. आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं नियमपुस्तक मोफत मिळतं, आधी ते वाचा. कुणा मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

बरं, आता मुद्द्यावर.

दुकानात गेलात की पहिला आकडा समोर येतो तो एफपीएस. म्हणजे बाण सेकंदाला किती फूट जातो. खोक्यावर ठळक अक्षरात ३५०, ४००, ४५०, थेट ५०० पर्यंत. जितका आकडा मोठा तितकी किंमत मोठी. आपण इंजिनिअर लोक, आकडा दिसला की तुलना सुरू. फोन घेताना मेगापिक्सेल बघतो ना, तसंच. आणि मेगापिक्सेलसारखाच हा आकडासुद्धा फसवा आहे.

कसा ते बघू. चारशे ग्रेनचा बाण, म्हणजे साधारण २६ ग्रॅम. तो ३५० एफपीएसने सुटला तर त्याची ऊर्जा होते १०९ फूट-पाउंडच्या आसपास. हिशेब सोपा आहे. वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. आता ईस्टन ही बाण बनवणारी कंपनी, त्यांचं एक कोष्टक सगळीकडे वापरतात. त्यात हरणाच्या आकाराच्या प्राण्यासाठी २५ ते ४१ फूट-पाउंड पुरे असं दिलंय. म्हणजे दुकानातला साधासा क्रॉसबोसुद्धा गरजेच्या दुपटीच्या पुढे आहे. ताकद कमी पडेल ही भीती काढून टाका.

मग विक्रेता दुसरा मुद्दा काढतो. "हरीण आवाज ऐकून उडी मारतं, म्हणून वेग हवा." हे अर्धं खरं आहे. क्रॉसबो सुटताना चांगलाच खटका वाजतो. आवाजाचा वेग सेकंदाला सव्वाअकराशे फूट, म्हणजे तो बाणाच्या आधी पोचतो. सावध हरीण आवाज ऐकलं की पळण्यासाठी आधी खाली दबतं, आणि बाण वरून जातो, किंवा त्याहून वाईट, चुकीच्या जागी लागतो.

तर हरणाला किती वेळ मिळतो ते काढू. लिहून घ्या हवं तर.

अंतर ४० यार्ड, म्हणजे १२० फूट. ३५० एफपीएसचा बाण पोचायला ०.३४ सेकंद. आवाज पोचायला ०.११. हरणाच्या हातात उरले ०.२३ सेकंद. आता ४५० एफपीएसचा महागडा क्रॉसबो घ्या. बाणाला ०.२७, आवाजाला तेच ०.११, उरले ०.१६. फरक पडला, नाही असं नाही.

आता तोच स्वस्त ३५० वाला घ्या आणि २० यार्डांवर या. बाणाला ०.१७, आवाजाला ०.०५. उरले ०.१२ सेकंद.

बघा म्हणजे. स्वस्त क्रॉसबो वीस यार्डांवरून हा महाग क्रॉसबो चाळीस यार्डांवरून मारण्यापेक्षा हरणाला कमी वेळ देतो. हजार-दीड हजार डॉलर जास्त देऊन जे मिळत नाही ते वीस यार्ड जवळ बसल्याने फुकट मिळतं. जवळ कसं बसायचं, तर वारा कुठून कुठे वाहतोय, हरणांच्या पायवाटा कुठल्या, ओकची फळं कुठे पडलीत, हे बघून. ते दुकानात विकत मिळत नाही म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या क्रॉसबोला ३५० ते ४०० एफपीएस भरपूर. त्याच्या वरचा पैसा स्कोप, चांगले बाण, अंतर मोजायचं यंत्र आणि सराव यात घाला.

खोक्यावरचा आकडासुद्धा कंपनीच्या हलक्या बाणाने काढलेला असतो. ३७० ग्रेनच्या बाणाने ४०० एफपीएस म्हणत असतील आणि तुम्ही ४२० ग्रेनचा लावलात, तर तो पावणेचारशेच्या आसपास येईल. त्याने बिघडत काही नाही, जड बाण शांत जातो आणि आत चांगला शिरतो. फक्त हा खरा वेग लक्षात ठेवा, पुढे स्कोपच्या वेळी लागणार आहे. आणि कंपनीने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा हलका बाण कधीच नाही. हलका बाण म्हणजे जवळपास रिकामा खटका, सगळी ऊर्जा धनुष्याच्या हातांत परत. त्या हातांना इथे लिम्ब म्हणतात. आपलं कडुलिंब नव्हे. [हसू]

आता प्रकार. ढोबळमानाने दोन. रिकर्व्ह म्हणजे साधं वळलेलं धनुष्य, दोन लिम्ब आणि एक दोरी. कॅनडातली एक्सकॅलिबर कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे. फायदा असा की बिघडायला काही नाहीच. दोरी तुटली तर रानात बसून बदलता येते. तोटा असा की रुंद असतो, आणि ताण जास्त द्यावा लागतो. दुसरा कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं, ज्यांना कॅम म्हणतात, आणि केबलचं जाळं. टेनपॉइंट, जे इथल्याच ओहायोतले, त्यांचाच स्वस्तातला विकेड रिज, मग बार्नेट, सेंटरपॉइंट, रॅव्हिन. हे अरुंद असतात. रॅव्हिनचे काही तर दोरी ओढल्यावर सहा इंचांच्या आसपास राहतात. पण दोरी-केबल बदलायची तर प्रेस लागतो, म्हणजे दुकानात जावं लागतं.

कोणता घ्यावा? तुम्ही जिथून तो वापरणार त्यावर ठरवा. छोट्या तंबूसारख्या आडोशात बसणार असाल तर अरुंद बरा, नाहीतर लिम्ब तंबूच्या कापडाला किंवा खुर्चीला आपटतो. तुमच्या घरापासून धनुष्याचं दुकान दोन तासांवर असेल तर रिकर्व्हचा विचार करा. बाकी ब्रँडवरून भांडणं चालतात ती आयफोन-अँड्रॉइडसारखीच, त्यात वेळ घालवू नका. एक मात्र बघा, बाण कुठले लागतात. रॅव्हिनला त्यांच्याच नॉकचे बाण लागतात. नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच, जिथे दोरी बसते. काही ठिकाणी ती सपाट, काही ठिकाणी अर्धगोल, काही ठिकाणी दोरीला चिमट्यासारखी धरणारी. चुकीचा नॉक लावलात तर दोरी बाणाच्या वरून किंवा खालून निसटते. पुस्तिकेत लिहिलेलाच घ्या.

आणि दुकानात जा तेव्हा नुसता बघू नका, स्वतः ओढून बघा. हे फार कमी लोक करतात. १८० पाउंडांचा ताण म्हणजे ८० किलोंच्या वर. नुसत्या हाताने ओढणं सोडाच. दोरीचा कॉकर वापरला की कप्पीच्या तत्त्वाने तो निम्मा होतो, तरीही ४० किलो. दुकानात एकदा ओढाल. पण नोव्हेंबरच्या पहाटे, थंडीत, चार जाड कपडे घालून? खांद्याचा किंवा पाठीचा त्रास असेल तर फिरकीचा कॉकर असलेला घ्या, पैसे जास्त गेले तरी. आपण दिवसभर खुर्चीत बसणारे लोक आहोत, आपल्या पाठी तशाच आहेत. दोरीने ओढताना ती दोन्ही बाजूंना सारखी ओढली गेली पाहिजे. एका बाजूला जराशी सरकली तरी बाण डावीकडे-उजवीकडे जातो आणि मग माणूस स्कोपला दोष देतो. नवीन असतानाच, सैल दोरीवर, रुळाच्या दोन्ही बाजूंना मार्करने खूण करून ठेवा. ओढल्यावर दोन्ही खुणा सारख्या दिसल्या पाहिजेत.

सुरक्षेचं इथेच सांगतो, कारण हा भाग कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही. एक, पुढच्या हाताचा अंगठा आणि बोटं रुळाच्या वर कधीही येता कामा नयेत. दोरी जिथून धावते तिथे अंगठा असेल तर तो जातो. 'लागतो' नाही म्हणत, जातो. हल्ली पुढच्या मुठीला पंखांसारखी आडवी पट्टी असते, ती असलेलाच घ्या. दोन, बाण न लावता खटका दाबायचा नाही. तो रोखणारी यंत्रणा आजच्या क्रॉसबोत असते, तरी तिच्यावर विसंबू नका. तीन, दोरी ओढलेला क्रॉसबो गाडीत नाही, झाडावर चढतानाही नाही. तो आधी दोराने वर ओढून घ्या, मग बाण लावा. आणि झाडावरच्या मचाणावर बसणार असाल तर हार्नेस पाय जमिनीवर असतानाच घाला. चार, बऱ्याच क्रॉसबोंची ओढलेली दोरी हळूच परत सोडता येत नाही. दिवस संपला की लक्ष्यात एक बाण मारूनच मोकळा करावा लागतो. काही नवीन फिरकीवाले उलटे फिरवून सोडता येतात. तुमचा कुठला आहे ते विकत घेण्याआधी विचारा, अंधारात रानातून परतताना नको.

आता माझा आवडता भाग. काच.

बाण खाली पडतो हे सगळ्यांना माहीत आहे. किती पडतो याचा अंदाज कुणालाच नसतो. हवेचा अडथळा सोडून, नुसत्या गुरुत्वाकर्षणाने, ३५० एफपीएसचा बाण २० यार्डांवर साडेपाच इंच पडतो. ३० वर जवळजवळ १३ इंच. ४० वर जवळजवळ २३ इंच. ६० वर ५१ इंच, म्हणजे सव्वाचार फूट! अंतर तिप्पट झालं तर पडणं नऊपट. अकरावीतलं भौतिकशास्त्र, आणि त्यात हवा आणखी भर घालते.

आता समजा हरीण ४० यार्डांवर आहे, तुम्हाला वाटलं ३० वर आहे आणि तुम्ही ३० ची रेघ लावलीत. बाण जवळजवळ सहा इंच खाली जाईल. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा असते ती साधारण आठ इंच व्यासाची. मधोमध नेम धरलात तर चुकायला चारच इंच आहेत. दहा यार्डांची चूक म्हणजे जखमी हरीण. ते लगेच मरत नाही, मैलभर पळतं, रात्रभर कुठेतरी पडून राहतं. माझ्या ओळखीच्या एकाबरोबर मी अशा हरणाच्या मागावर टॉर्च घेऊन चार तास फिरलो आहे. मिळालं नाही. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही.

म्हणून सांगतो, अंतर मोजायचं लेझर यंत्र, रेंजफाइंडर, ही चैन नाही. शंभर-सव्वाशे डॉलरला साधं मिळतं. जागेवर बसलात की आधी चार झाडांची अंतरं मोजून ठेवा. हे झाड २०, तो दगड ३०. हरीण आल्यावर यंत्र काढायला वेळही नसतो आणि हालचालही करायची नसते.

स्कोपचे तीन पर्याय. पहिला, रेड डॉट. काचेत एक लाल ठिपका, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचं. तिशीच्या आत झकास आणि पटकन. पण ठिपका एकच असेल तर वरचं पडण्याचं गणित तुम्हाला डोक्यात करावं लागतं. दुसरा, एकच मोठेपणा असलेला ४×३२ स्कोप, त्यात खाली खाली चार-पाच रेघा, प्रत्येक रेघ एका अंतराची. स्वस्तातल्या पॅकेजमध्ये बहुधा हाच येतो. वाईट नसतो. अडचण अशी की त्या रेघांमधलं अंतर एका ठरावीक वेगासाठी आखलेलं असतं. तुमचा बाण त्याच वेगाने जात असेल तर तुमचं नशीब. नसेल तर वरची रेघ जुळते आणि खालच्या चुकतात.

तिसरा प्रकार मला सगळ्यात पटतो. १.५ ते ५ पट, ३२ ची काच, आणि वर वेगाचे आकडे लिहिलेली एक कडी. हॉकचा आहे, टेनपॉइंटचा आहे, इतरही आहेत. कडी ३७५ वर फिरवली की रेघा ३७५ च्या बाणासाठी जुळतात. मला आधी वाटलं आत काहीतरी जादू असेल. जादू नाही, ती साधी झूमचीच कडी आहे! रेघा काचेत जिथल्या तिथे असतात, झूम बदलला की त्यांच्यामागचं चित्र लहान-मोठं होतं, म्हणजे दोन रेघांमध्ये जगाचा किती भाग मावतो ते बदलतं. हळू बाण जास्त पडतो, त्याला रेघांमध्ये जास्त जागा हवी, म्हणून झूम कमी. वेगवान बाणाला उलट. काय सुंदर जुगाड आहे! पण याचा अर्थ असा की कडी एकदा लावली की हात लावायचा नाही. 'जरा जवळून बघू' म्हणून झूम केलात की सगळ्या रेघा खोट्या. त्या कडीवर मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

मोठेपणाचा हव्यास इथेही नको. हरीण येतं पहाटे आणि संध्याकाळी, आणि ओहायोत सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार चालते. तेव्हा काचेतून डोळ्यात किती उजेड येतो ते महत्त्वाचं. काचेचा व्यास भागिले मोठेपणा करा. ३२ भागिले ४ म्हणजे ८ मिलिमीटर. अंधारात माणसाची बाहुली सात मिलिमीटरच्या आसपास उघडते, म्हणजे डोळा घेऊ शकेल तेवढा सगळा उजेड मिळाला. तीच काच ९ पटींवर नेलीत तर साडेतीन मिलिमीटर, म्हणजे चित्र अंधूक. रायफलचा मोठा झूमवाला स्कोप 'स्वस्तात मिळतोय' म्हणून लावू नका. रेघा उजळणारा दिवा असला तर बरा, पण मंद करता येणारा. भगभगीत लाल रेघांमागचं हरीण दिसतच नाही.

गार्मिन, बरिस यांचे स्वतः अंतर मोजून ठिपका दाखवणारे स्कोपही आहेत. तंत्रज्ञान म्हणून जबरदस्त. पण पहिल्यासाठी नको. किंमत क्रॉसबोपेक्षा जास्त, आणि असं इलेक्ट्रॉनिक काही राज्यांत शिकारीला चालत नाही.

स्कोप जुळवताना घाई नको. सुरुवात दहा यार्डांवरून, म्हणजे निदान लक्ष्याला तरी लागेल. मग वीसवर. तीन बाण मारा आणि तिघांचा मध्य बघून फिरवा, एका बाणावरून नाही. बऱ्याच स्कोपवर लिहिलेलं असतं, एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. मग वीसवर एक इंच सरकवायला किती? वीस क्लिक. लोक चार क्लिक फिरवतात आणि म्हणतात स्कोप बिघडलाय. वरची रेघ वीसवर जुळली की चाळीस किंवा पन्नासवर जा आणि तिथली रेघ लावा. बाण खाली लागला तर तुमचा खरा वेग कडीवरच्या आकड्यापेक्षा कमी आहे, कडी जरा कमी करा. खरा वेग तुम्हाला असा सापडतो, खोक्यावरून नाही. तीन बाण एकाच ठिपक्यावर मारू नका, वेगवेगळ्या ठिपक्यांवर मारा. क्रॉसबो इतका अचूक असतो की दुसरा बाण पहिल्याचं टोक फोडतो, आणि एक बाण दहा-पंधरा डॉलरचा.

आणि हो, लक्ष्य म्हणजे टार्गेट क्रॉसबोच्या वेगासाठी बनवलेलंच घ्या. साध्या धनुष्याच्या फोममधून बाण आरपार जाऊन मागच्या कुंपणात घुसतो. अपार्टमेंटवाल्यांनी विकत घेण्याआधी सराव कुठे करणार ते ठरवा. शहराच्या हद्दीत बाण सोडायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, आणि काही आर्चरी रेंजवर क्रॉसबोला प्रवेश नसतो. फोन करून विचारा.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात एक मोठा नर माझ्यासमोर आला. यंत्राने ४६ यार्ड दाखवले. उजेड जात होता, वारा आडवा होता. सरावात मी पन्नासवरही ठिपक्याला लावतो, पण सरावातला ठिपका कान टवकारत नाही. तो तिथे दोन मिनिटं उभा होता. मी सेफ्टी काढली नाही. तो गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधला सहकारी, ज्याने मला हे सगळं शिकवलं, तो म्हणाला, "तुझी मर्यादा किती?" मी म्हणालो तीस. "मग प्रश्नच नाही," म्हणाला आणि कॉफी घ्यायला गेला. त्या हंगामात मी एकच मादी घेतली, बावीस यार्डांवरून. तुमची मर्यादा तुमच्या वाईटात वाईट दिवसाच्या सरावावरून ठरवा, बसून, वळून, जॅकेट घालून, आणि घरीच ठरवा. समोर शिंगं दिसल्यावर ती ठरत नाही.

शेवटी मेसेजमधला एक प्रश्न. 'माझ्याकडे सहाशे डॉलर आहेत, कसे वाटू?' साधारण असं. साडेतीनशेच्या आसपास पॅकेज, ज्यात क्रॉसबो, दोरीचा कॉकर, तीन बाण आणि बऱ्यापैकी स्कोप असतो. शंभर रेंजफाइंडरला. सत्तर-ऐंशी टार्गेटला. उरलेल्यात आणखी तीन बाण, दोरीचं मेण आणि रुळाचं तेल. परवान्याचे पैसे वेगळे धरा. पहिल्यांदा परवाना घेताना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, आणि खासगी जमिनीवर जायचं तर ओहायोत मालकाची लेखी परवानगी लागते. नुसती नेमबाजी करायची असेल तर रेंजफाइंडर सोडा आणि ते पैसे बाणांत घाला.

आणि जुना घेऊ का? घ्या, पण रिकामा खटका मारलेला जुना क्रॉसबो बाहेरून चकचकीत दिसू शकतो. कापसाचा बोळा लिम्बवरून फिरवा, कुठे अडकला तर तिथे चीर आहे. कॅमच्या कडांना टवके आहेत का बघा. दोरीला मधोमध जी गुंडाळी असते ती सुटलेली नको. पुस्तिका नसेल तर कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या, म्हणजे किमान बाण किती ग्रेनचा आणि नॉक कुठला ते कळेल. आणि विकणारा 'दुकानात दाखवायची काय गरज' म्हणाला, तर तो व्यवहार तिथेच सोडा.